अनेकांतला एक : व्हायोलिनवादकाचा पेशा



कामगार संघटनेत सारी उमेद घालवलेल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत व्हायोलिनवर बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. पत्रिका छापण्यापूर्वी चिटणीसांनीही मला दोनदा विचारून घेतले, "विषय नक्की हाच ना?" मी म्हणालो, "हाच." मला राग ओळखता येत नाहीत. माझे शाळेतले शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढचे सारे वाचनालयात आणि कारखान्याच्या फाटकापाशी झाले. परंतु काम, कामाचे दाम आणि काम करणाऱ्याचे नाव या तीन गोष्टींचा विचार मी तीस वर्षे करीत आलो आहे. व्हायोलिन वाजवून पोट भरणारा माणूस या तिन्ही दृष्टींनी पाहण्याजोगा आहे. मैफलीत एकटा बसून टाळ्या घेणाऱ्या थोर कलावंताविषयी मी बोलणार नाही. मोठ्या वाद्यवृंदात किंवा चौघांच्या मेळात बसून जो वाजवतो, त्याच्याविषयी मी आज बोलणार आहे.

विषय परका आहे असेही समजू नका. आपल्या पेठ तालुक्यात बोहाडा होतो. देवादिकांची सोंगे निघतात, रात्रभर नाचतात. अमक्या सोंगाचा मान कोणत्या घराकडे आहे, हे आपणांस पाठ असते. पण ज्यांच्या तालावर ती सोंगे नाचतात त्या संबळ-पिपाणीवाल्यांची नावे आपल्यापैकी कितीजण सांगू शकतील? बोहाडा संपला की हाच वाजवणारा टोळीबरोबर दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाच्या बागेत मजुरीला जातो. त्याची कला आपल्याला हवी असते. तिच्यावर त्याचे घर चालते की नाही, ही चौकशी आपण करीत नाही. एवढी गोष्ट मनाशी धरून माझ्याबरोबर चला.

प्रथम हे काम काय असते ते पाहू. व्हायोलिनला चार तारा असतात. सतारीसारखे पडदे नसतात, त्यामुळे बोट केसभर इकडेतिकडे झाले तरी सूर बिघडतो. उजव्या हातात घोड्याच्या केसांचा गज असतो. त्याला राळ लावून तो तारेवर ओढला की नाद निघतो. हे वाद्य आजच्या रूपाला आले ते सोळाव्या शतकात इटलीत. आपल्याकडे ते गोऱ्या लोकांबरोबर आले, कर्नाटक संगीताने ते सुमारे दोनशे वर्षांपूर्वी आपलेसे केले आणि पुढे आपल्या वादकांनी ते मांडी घालून वाजवण्यास आरंभ केला.

पाश्चात्त्य पद्धतीच्या पूर्ण वाद्यवृंदात, ज्याला सिम्फनी ऑर्केस्ट्रा म्हणतात त्यात, ऐंशी ते शंभर वादक असतात आणि त्यांतले तीसच्या आसपास एकटे व्हायोलिनवालेच असतात. त्यांचे दोन ताफे : पहिली व्हायोलिने आणि दुसरी व्हायोलिने. दोघांत मिळून एक स्वरलिपीची वही असते; आतल्या बाजूला बसलेल्याने पान उलटायचे, बाहेरच्याने वाजवणे चालू ठेवायचे. सर्वांचे गज एकाच वेळी वर आणि एकाच वेळी खाली जावे लागतात. गज कोठे वर घ्यायचा आणि कोठे खाली, हे पहिल्या ताफ्याचा प्रमुख ठरवतो. आपल्या कारखान्याच्या भाषेत सांगायचे तर संचालक हा व्यवस्थापक आणि हा प्रमुख म्हणजे जॉबर. जॉबर बिघडला तर सारे खाते बिघडते, हे साच्यावर काम केलेल्यांना सांगावयास नको.

दुसरा प्रकार चौघांचा. दोन व्हायोलिने, त्याहून थोडे मोठे आणि खर्जातले व्हिओला, आणि गुडघ्यांत धरून वाजवायचा चेलो. येथे संचालक नसतो. चौघांपैकी प्रत्येकाचा भाग वेगळा. कोणाच्या आड लपता येत नाही आणि कोणावर कुरघोडीही करता येत नाही. गती कोणती, जोर कोठे, हे चौघांनी तालमीत भांडून ठरवायचे आणि एकदा ठरले की सर्वांनी पाळायचे. चांगली कार्यकारिणी कशी चालावी याचा एवढा चांगला धडा मला दुसरीकडे मिळाला नाही.

या कामाचे मोल मला प्रथम कोठे कळले ते सांगतो. माझे बालपण भायखळ्याच्या चाळीत गेले. वडील गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर वडील पुन्हा साच्यावर उभे राहिले नाहीत. आमच्याच मजल्यावर एक गोवेकर वृद्ध राहत. सिनेमाच्या गाण्यांत ते व्हायोलिन वाजवीत. त्यांच्या डाव्या जबड्याखाली घट्ट्यासारखा काळा डाग होता. वाद्य टेकवून टेकवून पडलेला. माझ्या वडिलांच्या हाताला घट्टे होते, यांच्या मानेला होता, एवढाच फरक. एकदा रेडिओवर एक गाजलेले गाणे लागले आणि ते म्हणाले, "यात मी आहे." मी कान देऊन ऐकले, पण लाटेसारखा एकच आवाज येत होता. मी विचारले, "अंकल, यात तुमचे कोणते?" ते हसले आणि म्हणाले, "माझे वेगळे ऐकू आले असते, पुता, तर दुसऱ्या दिवशी मला बोलावले नसते."

मला तेव्हा ते कळले नाही. आज कळते. वृंदातल्या वादकाचे कौशल्य ते असते जे वेगळे ओळखू येत नाही. वीस वर्षे मेहनत करून आपला आवाज इतरांच्या आवाजात पूर्ण मिसळून टाकणे, हा त्याच्या कामाचा कळस. म्हणून त्याचे मोल टाळ्यांवर सोडता येत नाही. ते दुसऱ्या कोणत्या तरी रीतीने ठरवावे लागते. ते कसे ठरते, हे दोन चरित्रांवरून पाहू.

पहिले चरित्र मेहली मेहता यांचे. आपण त्यांचे नाव ऐकले असेल ते जगप्रसिद्ध संचालक झुबिन मेहता यांचे वडील म्हणून. १९०८ साली मुंबईच्या पारशी घराण्यात ते जन्मले. त्या काळी मुंबईत या संगीताचे रीतसर शिक्षण देणारी मोठी संस्था नव्हती. थोरांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्यांनी बरेच शिकून घेतले. १९३५ साली त्यांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि १९४० मध्ये चौघांचा बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट. वृंदात कोण होते? पारशी हौशी वादक, गोव्याचे ख्रिस्ती वादक, युरोपातून आलेले काही लोक आणि फुंकवाद्यांसाठी नौदलाच्या बँडातले शिपाई.

याच सुमारास वॉल्टर काउफमान नावाचा ज्यू संगीतकार युरोपातून मुंबईत आला होता. १९३४ साली आलेल्या या गृहस्थाने लगेच बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी स्थापली आणि मेहता तिच्या मेळात वाजवू लागले. काउफमान पुढे मुंबई आकाशवाणीवर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख झाले. रोज पहाटे तंबोऱ्याच्या साथीने व्हायोलिनवर वाजणारी आकाशवाणीची ती परिचयधून त्यांच्या नावावर आहे, आणि तिच्यातले व्हायोलिन मेहली मेहतांचे असे मानले जाते. आपल्या आजोबा-आजींनी ती धून ऐकून घड्याळे लावली. वाजवणाऱ्याचे नाव आपण कधी विचारले नाही.

१९४५ साली, घरी बायको आणि दोन लहान मुले ठेवून, मेहता न्यूयॉर्कला इव्हान गलामियन या नामवंत गुरूकडे शिकण्यास गेले. तेव्हा त्यांचे वय 37 होते. या वयात आपल्यातला कामगार नवी यंत्रे शिकण्यासही कुरकुर करतो; हा गृहस्थ गज कसा धरावा येथपासून पुन्हा आरंभ करावयास समुद्र ओलांडून गेला. काही वर्षांनी ते परतले, वृंद पुन्हा हाती घेतला. परंतु मुंबईत वर्षभर पगार देणारा वृंद नव्हता. कार्यक्रम ठरला की वादक जमवायचे, संपला की ज्याने त्याने आपल्या कामाला जायचे. अशा रीतीने हौस चालते, पेशा चालत नाही. १९५५ साली, 47 व्या वर्षी, मेहतांनी मुंबई सोडली आणि ते इंग्लंडात मँचेस्टरच्या हाले ऑर्केस्ट्रात, सर जॉन बार्बिरोली यांच्या हाताखाली, उपप्रमुख व्हायोलिनवादक म्हणून रुजू झाले.

येथे क्षणभर थांबा. मँचेस्टर हे शहर आपल्याला संगीतासाठी ठाऊक नाही. ठाऊक आहे ते कापडासाठी. ज्या मँचेस्टरच्या कापडावर आपल्या वडीलधाऱ्यांनी बहिष्कार घातला, तेच हे. धुराड्यांचे, गिरण्यांचे, कामगारांच्या वस्त्यांचे शहर. त्या शहराने १८५८ पासून आपला वाद्यवृंद टिकवून धरला आहे. १९४३ साली, ऐन महायुद्धात, वृंदाजवळ जेमतेम तीस-पस्तीस वादक उरले असता बार्बिरोली तेथे आले. नवखे तरुण निवडून त्यांनी थोड्याच आठवड्यांत वृंद पुन्हा उभा केला, आणि तो वर्षभर पगारी झाला. मुंबईही गिरण्यांचेच शहर. तेथे पैसा नव्हता असे कोण म्हणेल? गिरण्या दोन्हीकडे होत्या, वादक दोन्हीकडे होते. वादकाला महिन्याच्या महिन्याला पगार देण्याची व्यवस्था मात्र एकीकडेच होती, आणि म्हणून मुंबईचा माणूस मँचेस्टरला गेला.

पुढे १९५९ साली ते अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या कर्टिस स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये, म्हणजे चौघांच्या मेळात गेले. १९६४ साली लॉस एंजेलिसला जाऊन त्यांनी तरुण वादकांसाठी अमेरिकन यूथ सिम्फनी स्थापली आणि नव्वदीपर्यंत तिचे संचालन केले. पेशात उतरू पाहणाऱ्या मुलांना वृंदात बसण्याची शिस्त लागावी, हा तिचा हेतू. २००२ साली ते वारले. मुंबईत १९९५ पासून त्यांच्या नावाचे प्रतिष्ठान मुलांना हे संगीत शिकवीत आहे. आणि ती अमेरिकेतली संस्था? २०२४ साली पैशाअभावी ती बंद करावी लागली. संपन्न देशातही कलेची व्यवस्था आपोआप टिकत नाही. तिला दरवर्षी कोणीतरी खांदा द्यावा लागतो.

दुसरे चरित्र एका माणसाचे नव्हे, एका जमातीचे म्हणावे लागेल. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवण्याची प्रथा पिढ्यान्‌पिढ्यांची. शिकवणाऱ्यास मेस्त्र म्हणत. मुलगा देवळात वाजवी आणि मोठा झाला की पोटासाठी बाहेर पडे : पलटणींच्या बँडांत, संस्थानिकांच्या पदरी, बोटींवर, हॉटेलांत, मूकपटांच्या थिएटरांत. १९३१ साली 'आलम आरा' आला, चित्रपट बोलू लागला आणि थिएटरांतल्या वादकांचे काम गेले. पण बोलपटाला गाणी लागली, गाण्यांना वृंद लागला आणि तोच वादक थिएटरातून निघून स्टुडिओत शिरला.

आरंभी प्रभातसारख्या चित्रसंस्थांत वादकांना मासिक पगार होता. दुसऱ्या महायुद्धानंतर ती पद्धत मोडली आणि पाळीचा हिशेब आला. ज्या दिवशी बोलावणे त्या दिवशी पैसे. आमच्या गिरणीच्या भाषेत सांगायचे तर सारेच बदली कामगार झाले. संगीत दिग्दर्शक चाल गुणगुणून दाखवी. ती कागदावर उतरवून पन्नास वाद्यांना वाटून देणारा संयोजक बहुधा गोवेकर असे. सेबॅस्टियन डिसूझा हे त्यांतले मोठे नाव. फाळणीपूर्वी ते लाहोरच्या हॉटेलात बँड चालवीत. मुंबईस आल्यावर ओ. पी. नय्यर आणि शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचे वृंदसंयोजन त्यांनी केले. गाणे एकसंध मुद्रित होई. शेवटच्या ओळीत एका व्हायोलिनवाल्याचा गज घसरला तर पन्नासांनी पहिल्यापासून पुन्हा वाजवायचे. एवढी जबाबदारी प्रत्येकावर; पडद्यावर नाव मात्र कोणाचेच नाही.

अँथनी गोन्साल्विस हे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे, पण ते गाण्यात. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' चित्रपटातला तो अँथनी खोटा; खरा अँथनी गोन्साल्विस गोव्यातल्या माजोर्ड्याचा व्हायोलिनवादक. १९४३ साली मुंबईस येऊन ते नौशाद यांच्या वृंदात शिरले. पुढे संयोजक झाले आणि अनेकांचे गुरू. त्यांचा एक विद्यार्थी प्यारेलाल. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीने गुरूचे नाव गाण्यात घातले ते ऋण फेडण्यासाठी. १९५८ साली याच गोन्साल्विसांनी मुंबईत सेंट झेवियर कॉलेजच्या आवारात 110 वादकांचा वृंद उभा करून लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना त्याच्यासह गावयास लावले. आपले राग आणि पाश्चात्त्य वृंद यांची सांगड घालण्याचा तो मोठा प्रयत्न होता. पाठीशी कायमचा आधार नव्हता. वृंद टिकला नाही. १९६५ साली तेही अमेरिकेस गेले, परतल्यावर गावी राहिले आणि २०१२ साली वारले. मेहता आणि गोन्साल्विस यांची घरे वेगळी, वाट वेगळी. पण अडसर एकच होता.

आता संघटनेकडे वळतो. वादकांनाही ती करावी लागली. मुंबईच्या चित्रपटवादकांनी आपली संस्था स्थापून वादकांच्या श्रेणी आणि श्रेणीप्रमाणे दर ठरवून घेतले. १९५६ साली चित्रव्यवसायातल्या निरनिराळ्या संघटनांचा महासंघ झाला. कोणी म्हणेल, कलावंताने दरासाठी भांडणे शोभते काय? मी उलट विचारतो, घरभाडे थकले असता गज थरथरू न देणे कोणास जमेल?

अमेरिकेत वादकांची महासंघटना १८९६ सालची. ध्वनिमुद्रिका आल्या तेव्हा तिच्या ध्यानात आले की वादक एकदा वाजवतो आणि त्याचे यंत्र हजारदा वाजते. म्हणजे तो स्वतःच स्वतःचा बदली कामगार होऊन बसतो आहे. १ ऑगस्ट १९४२ रोजी जेम्स पेट्रिलो यांच्या नेतृत्वाखाली वादकांनी ध्वनिमुद्रण बंद केले. दोन वर्षांहून अधिक काळ हा संप चालला. शेवटी कंपन्यांनी विकल्या जाणाऱ्या मुद्रिकांमागे काही रक्कम एका निधीत भरण्याचे मान्य केले, आणि त्या निधीतून बेकार वादकांना पैसे देऊन लोकांसाठी फुकट कार्यक्रम होऊ लागले. यंत्र मोडा, अशी मागणी त्यांनी केली नाही. यंत्राच्या कमाईत आमचा वाटा ठेवा, एवढेच म्हटले. मला ही मागणी आजही शहाणपणाची वाटते.

आपल्याकडे तसे झाले नाही. पाळीचे पैसे एकदा हातावर पडले की गाण्याशी वादकाचा संबंध संपला. १९८० नंतर एकेक वाद्य वेगवेगळे मुद्रित करण्याची सोय झाली, आणि मग सिंथेसायझर आला. तीस व्हायोलिनांचा आवाज एका माणसाच्या दहा बोटांखाली आला. आमच्या मजल्यावरच्या अंकलना येणारी बोलावणी आठवड्यावरून महिन्यावर गेली, मग थांबली. एके संध्याकाळी माझे वडील आणि ते गॅलरीत बसले होते. एकाचे साचे गेले होते, दुसऱ्याचा गज. दोघेही बोलत नव्हते. मी त्या वेळी अठरा-एकोणीस वर्षांचा असेन. संघटनेच्या कामात मी का पडलो असे कोणी विचारले की मला ती गॅलरी आठवते.

मराठी माणसाची एक हकीगत सांगून आवरते घेतो. प्रभाकर जोग हे नाव आपणांस परके नाही. घरची गरिबी. कोवळ्या वयात पुण्याच्या वाड्यांतून सव्वा रुपया आणि नारळ एवढ्या बिदागीवर त्यांनी व्हायोलिन वाजवले. पुढे 'गीतरामायणा'त सुधीर फडके यांना त्यांची साथ लाभली, चित्रपटांच्या वृंदांत ते बसले, संयोजक झाले, संगीतकार झाले, आणि उतारवयात त्यांच्या 'गाणाऱ्या व्हायोलिन'ला लोकांनी नावानिशी ओळखले. २०२१ साली ते वारले. त्यांचे भाग्य की वृंदातून बाहेर येऊन त्यांचा सूर वेगळा ऐकला गेला. पण त्यांच्या शेजारी बसून वाजवणारे जे होते, त्यांचे काय?

आज मुंबईत राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात २००६ साली स्थापन झालेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. त्याला पगारी वादक आहेत. परंतु मोठ्या कार्यक्रमासाठी बरेच वादक परदेशांतून आणावे लागतात. ज्या देशाने मेहता आणि गोन्साल्विस दोघांनाही बाहेर जाऊ दिले, त्याला आता वादक बाहेरून आणावे लागतात, यात नवल नाही. मुलांना लहानपणापासून शिकवण्याची सोय तेथे झाली आहे, हे चांगले लक्षण. पंधरा-वीस वर्षांची मेहनत घेण्यास मुलगा तेव्हाच तयार होईल, जेव्हा त्या मेहनतीच्या शेवटी एक खुर्ची आणि महिन्याचा पगार त्याला दिसेल.

पेठेत सिम्फनी उभी करा, असे मी सांगावयास आलो नाही. मी मागतो ते थोडे आहे. यंदाच्या बोहाड्याची वर्गणी गोळा होईल तेव्हा मंडप, दिवे, कर्णे यांचा हिशेब आधी होतो आणि वाजवणाऱ्याची बिदागी उरल्यासुरल्यातून निघते. ती वहीत पहिल्या ओळीवर लिहा. रात्रभर वाजवणाऱ्याचा दर आधी ठरवा आणि पहाटे, तो घरी जाण्यापूर्वी, हातात द्या. सोंगांची नावे पुकारता तशी संबळ-पिपाणीवाल्यांचीही पुकारा. आणि त्याच्या मुलाला संबळ शिकावेसे वाटावे असे काही वर्षाकाठी त्याच्या घरात जाते काय, हे गावाने एकदा बसून पाहावे.

अंकल गेले त्याला बरीच वर्षे झाली. त्यांचे ते गाणे अजून लागते. मी अजूनही कान देऊन ऐकतो आणि अजूनही मला त्यांचे व्हायोलिन वेगळे काढता येत नाही. त्यांनी काम इतके चोख केले होते.